माइक कुणाच्या हातात?

गोकुळाष्टमी जवळ आली की अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत चौकाचौकांत मंच उभे राहतात. लाखांची बक्षिसं, सिनेमातले पाहुणे, नाचाचा ताफा आणि या सगळ्याला सांधणारा माइकवाला. गोविंदा पथक येईपर्यंत गर्दी धरून ठेवणं हे त्याचं काम. ते तो बहुतेकदा बायकांच्या जिवावर करतो. कधी नाचणारीच्या अंगावरून शेरे, कधी समोरच्या मुलींच्या कपड्यांवरून. कुणी हसलं नाही तर उत्तर तयार असतं : अहो, सण आहे, गंमत घ्या.

३ सप्टेंबर २०१८ला घाटकोपरच्या हंडीत माइक थेट यजमान आमदार राम कदम यांच्या हातात होता. मुलीने नकार दिला असेल तर आईवडिलांना घेऊन माझ्याकडे या, त्यांना मुलगी पसंत असेल तर तिला पळवून आणून देतो, अशा अर्थाचं ते बोलले आणि वर आपला फोन नंबर दिला. गदारोळ झाला, राज्य महिला आयोगाने स्वतःहून दखल घेतली. अर्धवट चित्रफीत फिरवली, असं म्हणत त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. पुढे २०१९ आणि २०२४मध्ये त्याच घाटकोपर पश्चिमेने त्यांना निवडून दिलं.

या बोलण्यात मुलाची पसंती आहे, त्याच्या आईवडिलांचीही आहे. मुलीचा फक्त नकार आहे आणि तो ओलांडायचा आहे. १९९०मध्ये उल्हासनगरला दहावीच्या परीक्षा केंद्रात एका मुलीला जाळून मारलं, २०२०मध्ये हिंगणघाटला एका प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवलं. वर्तमानपत्रं याला अजून 'एकतर्फी प्रेम' म्हणतात. (प्रेम कुठलं त्यात?) म्हणून मला ती गंमत, गंमत वाटत नाही.

याचा अर्थ आपल्याला चावट बोलणं सोसत नाही असा नाही. मंगळागौरीच्या रात्री आणि भोंडल्यात आपण नवऱ्याची, सासरच्यांची कमी का खिल्ली उडवतो? तमाशातली गवळण घ्या. बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट कृष्ण आणि पेंद्या अडवतात, पण मावशी त्यांना तोडीस तोड जबाब देते. मावशीचं काम पुरुष करतो हे खरंच, तरी उत्तर द्यायला तिथे कुणीतरी आहे. हंडीच्या मंचावर बोलणारा एकटा, आवाज भिंती हादरवणारा. नाचणाऱ्या मुलीच्या हातात माइक नसतो आणि तिची बिदागी आयोजकाकडेच अडकलेली असते.

अश्लीलतेचा विषय निघाला की बोट मात्र तिच्याकडेच जातं. २००५मध्ये सरकारने डान्सबार बंद केले आणि हजारो बायकांची रोजीरोटी गेली. आपल्या चळवळीतही तेव्हा दोन तट पडले. उच्च न्यायालयाने २००६मध्ये ती बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये तो निकाल कायम केला. तरी २०१६मध्ये बारमधल्या अश्लील नृत्याविरुद्ध कायदा आलाच, नावात स्त्रियांच्या प्रतिष्ठेचं रक्षण घालून. नाचणारीवर इतकी नजर, आणि माइकवाल्याचं काय? हंडीच्या उंचीवरून आणि थरांत चढणाऱ्या मुलांच्या वयावरून २०१४पासून कोर्टकचेऱ्या झाल्या. वर कोण काय बोलतो, हा प्रश्न तिथे कधी आला नाही.

हंडीतला नाच बंद करा, अशी मागणी आपण करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात पोटावर पाय येईल तो तिच्याच. पण ध्वनिक्षेपकाला परवानगी पोलीसच देतात. त्या परवानगीतच एक अट लिहून घ्यायला हवी : मंचावरून बोललेल्या प्रत्येक शब्दाला आयोजक जबाबदार. अपमानकारक शब्द आणि हावभावांसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ७९, म्हणजे पूर्वीचं ५०९, आहेच. पण ठाण्यावर पहिला प्रश्न येतो, 'तुम्हाला उद्देशून बोलला का?' हजार जणींना उद्देशून बोललं तर तो गुन्हा हजारपट व्हायला हवा, इथे तो नाहीसाच होतो.

येत्या अष्टमीआधी आपापल्या विभागातल्या पोलीस ठाण्यांना निवेदनं द्या. हंडीच्या दिवशी दोघी-तिघी मिळून जा, मंचावरचं बोलणं शब्दशः टिपा, वेळ आणि मंडळाचं नाव लिहा. शक्य असेल तिथे नाचायला आलेल्या मुलींशी बोला, त्यांना काय हवं ते आधी विचारा. टिपणं पुढच्या अंकाआधी आमच्याकडे पोचू द्या.