सरासरीमागे लपलेला नंदुरबार

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा २०१९-२१ चा अहवाल उघडा. महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या १०० मुलांपैकी साधारण ३६ जणांचं वजन वयाच्या मानाने कमी आहे. २०१५-१६ मध्येही आकडा ३६च होता. ‘चला, निदान बिघडलं तरी नाही,’ असं म्हणून तुम्ही पुढे जाल. जरा थांबा, त्यातलं नंदुरबारचं पान काढा. तिथे १०० पैकी ५७! राज्याच्या सरासरीत हे दिसतच नाही.

बरं, हे सर्वेक्षण होतं काही वर्षांतून एकदा. तेव्हा वजन कमी भरलेलं तीन वर्षांचं मूल पुढच्या फेरीपर्यंत शाळेत पोचलेलं असतं. म्हणून अंगणवाडीत दर महिन्याला होणारं वजन महत्त्वाचं. २०२१पासून त्याची नोंद ‘पोषण ट्रॅकर’ ॲपवर होते.

पण इथेही एक गोम आहे. टक्केवारी निघते ती वजन झालेल्या मुलांचीच. आईबाबांसोबत ऊसतोडीला गेलेल्या मुलाचं वजन तिकडेही झालं नाही, तर ते कुपोषितांत नाही आणि सुदृढांतही नाही. ते हिशेबातच नाही.

त्यामुळे ‘कुपोषण घटलं’ अशी बातमी वाचलीत, की आधी दोन प्रश्न विचारा : नोंद किती मुलांची आणि वजन किती जणांचं झालं? मधल्या फरकातली मुलं कुठे आहेत, हे कळल्याशिवाय टाळ्या वाजवू नका.