वडिलोपार्जित रिव्हॉल्व्हर : सुधारणा नको, निगा हवी

खंडेनवमी-विजयादशमीला शस्त्रपूजन करण्याची परंपरा मराठवाड्यात आजही निष्ठेने पाळली जाते. जालना जिल्ह्यातील शेतकरी घरांत देव्हाऱ्यासमोर विळा, कोयता, नांगराचा फाळ मांडला जातो. ज्या घरात परवान्याचे शस्त्र आहे, तेथे त्यांच्या शेजारी वडिलांच्या वा आजोबांच्या काळातील रिव्हॉल्व्हरही येते. पाणी शिंपडले जाते, हळद-कुंकू वाहिले जाते, अक्षता पडतात. दुसऱ्या दिवशी ते शस्त्र आहे त्याच स्थितीत चामडी होल्स्टरमध्ये जाते आणि पुढच्या दसऱ्यापर्यंत कपाटात राहते. यात शस्त्राविषयीचा आदर आहे, यात शंका नाही. परंतु पोलादाला आदर कळत नाही, ओल कळते. हळद-कुंकवाचे दमट कण सिलिंडर आणि सांगाडा यांच्यामधील फटीत शिरतात. चामडे हवेतील दमटपणा धरून ठेवते आणि ते कमावताना वापरलेली द्रव्ये धातूवरील निळसर काळा थर खात राहतात. होल्स्टर हे शस्त्र वागवण्याचे साधन आहे, साठवण्याचे नव्हे, ही साधी गोष्ट कित्येक परवानाधारकांना कोणी कधी सांगितलेलीच नसते.

जालना १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राजवटीत होते. रझाकारांचा काळ ज्यांनी पाहिला, त्या पिढीला घरातील शस्त्राचे मोल वेगळे सांगावे लागत नसे. पुढे बी-बियाण्यांचा आणि पोलादाचा व्यापार वाढला, रोख रकमेची ने-आण वाढली, दूरच्या शेतवस्त्यांवर एकाकी घरे उभी राहिली, आणि परवान्याच्या शस्त्राची मागणी टिकून राहिली. हे शस्त्र बहुधा बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर असते आणि त्याला कारण आहे. ज्या रिव्हॉल्व्हरांत .३८० किंवा .४५५ ही लष्करी काडतुसे बसतात, ती आपल्याकडे निषिद्ध बोअरमध्ये मोडतात. त्यामुळे सामान्य नागरिकासाठी बत्तीस हाच राजमार्ग ठरला. इंग्लंडच्या वेब्ली अँड स्कॉटच्या घडणीवर बेतलेले, मधून उघडून नळी खाली झुकणारे रिव्हॉल्व्हर कानपूरच्या सरकारी कारखान्यात वर्षानुवर्षे तयार होत आले आहे.

डबल अ‍ॅक्शन म्हणजे काय, हे समजल्याशिवाय त्याची निगाही समजत नाही. अशा रिव्हॉल्व्हरचा चाप ओढताना एकाच हालचालीत घोडा मागे जातो, सिलिंडर एका घराने फिरून नळीसमोर अडकतो आणि घोडा सुटतो. घोडा अंगठ्याने आधीच मागे ओढून ठेवला, तर चापाला केवळ तो सोडण्याचेच काम उरते. म्हणून पहिल्या पद्धतीत बोटाला चार-पाच किलोंचा वा त्याहूनही अधिक जोर लावावा लागतो, तर दुसरीत दीड-दोन किलो पुरतात. हा जड चाप अनेकांना दोष वाटतो. वस्तुतः अशा रिव्हॉल्व्हरांना बहुधा वेगळी सुरक्षा-कळ नसते. चापाचा जडपणा हीच त्यांची सुरक्षा आहे.

नेमके येथेच ‘सुधारणे’चा मोह सुरू होतो. चाप हलका करून देतो, असे सांगणारा कोणीतरी भेटतो. स्प्रिंगचे एखादे वेटोळे कापले जाते किंवा पट्टीची स्प्रिंग घासून पातळ केली जाते. टेबलावर बसून रिकामे शस्त्र चालवताना ते लोण्यासारखे चालते. डबल अ‍ॅक्शनमध्ये घोडा अंगठ्याने ओढल्याइतका मागे जातच नाही, त्याचा फेरा आखूड असतो. स्प्रिंग दुबळी झाली की काडतुसाच्या टोपीवरचा आघात प्रथम याच पद्धतीत अपुरा पडतो. म्हणजे घाईच्या, संकटाच्या क्षणी, ज्या एका क्षणासाठी हे शस्त्र घरात ठेवलेले असते, त्याच क्षणी ते दगा देते. घोड्याची खाच घासणे तर याहून घातक. तिचा कठीण केलेला थर अत्यंत पातळ असतो. कानस त्याच्या खाली उतरली की उरलेले मऊ पोलाद भराभर झिजते आणि एके दिवशी चाप न ओढताच घोडा सुटतो. ज्या जालन्याने सळईच्या गिरण्यांतून देशभर नाव मिळवले, तेथील माणसाला पोलादाच्या पाण्याचा हा हिशेब परका नसावा.

निकेलचा मुलामा हा दुसरा हव्यास. जुने शस्त्र चकचकीत दिसावे म्हणून मुलामा देण्यापूर्वी त्याचा पृष्ठभाग घासला जातो आणि त्या घासण्यात क्रमांक व कारखान्याच्या खुणा पुसट होतात. ओळखीच्या खुणा पुसणे वा बदलणे हा १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या आठव्या कलमाखाली येणारा विषय आहे. ‘शोभेसाठी केले’ हा बचाव तेथे फारसा उपयोगी पडत नाही. त्याच कायद्याचे पाचवे कलम विनापरवाना शस्त्रदुरुस्ती आणि फेरबदल करणाऱ्यालाही लागू आहे. ओळखीचा लेथवाला कितीही कुशल असो, त्याच्याकडे शस्त्र देणे म्हणजे त्याला आणि स्वतःलाही गोत्यात आणणे होय. परवानाधारक दुरुस्तीकाराकडे जाण्यास छत्रपती संभाजीनगरपर्यंत किंवा त्याही पुढे जावे लागले, तरी ती खेप वाया जात नाही.

मग स्वतः करण्यासारखे काय उरते? पुष्कळ उरते. शस्त्र हाती घेताच ते उघडून सहाही घरे रिकामी असल्याचे डोळ्यांनी आणि बोटाने तपासणे ही पहिली गोष्ट. पूजेला मांडण्यापूर्वी तर ती अनिवार्यच. नळी आणि सिलिंडरची घरे ब्रशाने व कापडाने पुसावीत, काजळी काढावी, कोरडे करावे आणि मग तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा. तेल कोणते, हा प्रश्न क्षुल्लक नाही. घरात हाताशी असते म्हणून खोबरेल लावले जाते. जालन्याच्या हिवाळी रात्री ते गोठते आणि कालांतराने चिकट होते. जवसाचे तेल तर वाळून वार्निशासारखे बसते. शिवणयंत्राचे हलके खनिज तेल त्यापेक्षा शतपटींनी बरे. तेही जास्त झाले की उन्हाळ्यातील धूळ ओढून घेते, आणि काडतुसांवर ओघळले तर टोपीतील दारू निकामी करू शकते. फार जुनी काडतुसे वापरली असतील, तर आणखी एक दक्षता हवी. क्लोरेटयुक्त टोप्यांच्या ज्वलनातून क्षार उरतो आणि तो हवेतील पाणी ओढतो. हा क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून आधी गरम पाण्याने धुणे, पूर्ण कोरडे करणे आणि मगच तेल, असा क्रम लागतो.

उघडबंद करतानाही पथ्य आहे. चित्रपटांत दाखवतात तसे मनगटाचा झटका देऊन रिव्हॉल्व्हर बंद करणे हे बिजागरी आणि खिटी दोन्हींवर अत्याचार करणे आहे. एका हाताने नळी धरून सावकाश मिटवावे. घोडा मागे ओढून ठेवल्यावर सिलिंडर हलतो का, घर आणि नळी समोरासमोर येतात का, हे रिकाम्या शस्त्रावर अधूनमधून पाहावे. सिलिंडर डगमगत असेल, तर ते शस्त्र दुरुस्तीकाराने पाहीपर्यंत चालवू नये.

जुन्या घडणीच्या अनेक रिव्हॉल्व्हरांत घोड्याचे टोक थेट काडतुसाच्या टोपीवर टेकते. ते हातातून पडले तर काय होते, याचा धडा अमेरिकेच्या नौदलाने १९४४ मध्ये घेतला. स्मिथ अँड वेसनचे रिव्हॉल्व्हर जहाजाच्या पोलादी डेकवर पडले, गोळी सुटली आणि एक खलाशी मृत्युमुखी पडला. त्यानंतर कंपनीला घोडा अडवणारी नवी पट्टी बसवावी लागली. जेथे अशी व्यवस्था नाही किंवा ती आहे याची खात्री नाही, तेथे घोड्याखालचे घर रिकामे ठेवावे. पाच गोळ्या पुरतात.

आणखी एक धोका केवळ शब्दामुळे उद्भवतो. सरकारी कारखान्यांनी बत्तीसचे रिव्हॉल्व्हर काढले, तसे बत्तीसचे पिस्तूलही काढले. दोन्हींना बोलीत ‘बत्तीस’च म्हणतात, मात्र त्यांची काडतुसे भिन्न आहेत. पिस्तुलाचे आखूड काडतूस रिव्हॉल्व्हरच्या घरात बसते, आणि म्हणूनच फसवते. ते त्यातून झाडू नये. दुकानातून घेताना डब्यावरचे पूर्ण नाव वाचावे.

निवडणुकांच्या काळात शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा होतात. सरसकट सर्वांची शस्त्रे मागण्याऐवजी छाननी समितीने प्रत्येक प्रकरण तपासावे, ही भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्येच घेतली आहे. २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता मार्चच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत होती आणि त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये विधानसभेची आली. इतका काळ चामड्यात गुंडाळलेले शस्त्र मुद्देमालाच्या खोलीत पडून राहिले, तर गंजाचा दोष कोणाला द्यावा? शासनाने जमा शस्त्रांसाठी कोरडी, हवेशीर कपाटे आणि ठरावीक दिवशी धारकाला समक्ष पुसण्याची मुभा द्यावी, ही मागणी अवाजवी नाही. तोवर धारकाने शस्त्र स्वच्छ करून, तेल लावून, तेलकट कापडात गुंडाळून द्यावे आणि पावतीवर क्रमांकासोबत शस्त्राची स्थितीही लिहून घ्यावी.

राहता राहिला वारसाचा प्रश्न. वडील गेल्यावर त्यांचे रिव्हॉल्व्हर आपोआप मुलाचे होत नाही. परवान्याशिवाय ते घरात ठेवणे हा गुन्हा आहे, म्हणून ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. २०१६ च्या शस्त्र नियमांनी मात्र एक वाट मोकळी ठेवली आहे. धारकाला सत्तर वर्षे पूर्ण झाली असतील, किंवा ते शस्त्र बाळगून पंचवीस वर्षे झाली असतील, तर तो हयात असतानाच वारसाच्या नावे परवान्याचा अर्ज करता येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रे ठेवता येतात, हे वारसाने आधी मोजून घ्यावे. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात करायचा असतो. चौकशीला वेळ लागतो, म्हणून तो वडिलांची प्रकृती बरी असतानाच केलेला बरा.