उभ्या गाडीचा घसारा

घसारा म्हणजे काय, हे व्यापारी कुटुंबांत कोणाला समजावून सांगावे लागत नाही. यंत्र चालले तर झिजते आणि न चालता पडून राहिले तरी जुने होते. ताळेबंद मांडताना या दोन्ही गोष्टी ध्यानात घेतल्या जातात. दुकानातील वजनकाट्याला आणि गोदामातील यंत्राला लावला जाणारा हा नियम दारात उभ्या असलेल्या मोठ्या प्रवासी गाडीच्या टायरांना मात्र क्वचितच लावला जातो.

अनेक एकत्र कुटुंबांत रोजच्या फेऱ्यांसाठी लहान गाडी आणि सहकुटुंब प्रवासासाठी सात-आठ आसनांची मोठी गाडी अशी व्यवस्था असते. मोठी गाडी दिवाळीत, लग्नसराईत, तीर्थयात्रेला किंवा मे महिन्याच्या सुट्टीत बाहेर पडते. एरवी ती उभीच असते. सहा-सात वर्षांनंतरही तिच्या टायरांच्या खाचा खोल दिसतात आणि टायर अजून नवेच आहेत, असा निर्वाळा घरातले देतात. खाच किमान 1.6 मिलिमीटर खोल असावी, हा नियम ते टायर सहज पाळतात. परंतु खाच केवळ चाललेले अंतर सांगते, उलटलेला काळ सांगत नाही.

ऊन आणि हवेतील ओझोन यांमुळे रबर हळूहळू कडक होते व त्याला बारीक भेगा पडतात. टायर फिरत राहिला तर रबरातील संरक्षक द्रव्ये पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या टायरला हा लाभ पुरेसा मिळत नाही. युरोपात मोटारीमागे जोडून नेण्याच्या फिरत्या घरांना, म्हणजे कॅरॅव्हॅनना, हाच अनुभव येतो. ही घरे वर्षातील बराच काळ उभी असतात आणि त्यांचे टायर झिजण्याआधीच म्हातारे होतात. जर्मनीत कॅरॅव्हॅन जोडलेल्या मोटारीस महामार्गावर ताशी 80 ऐवजी 100 किलोमीटर वेगाची मुभा हवी असेल, तर कॅरॅव्हॅनचे टायर सहा वर्षांपेक्षा जुने नसावेत, अशी अट आहे. खाचांची खोली कितीही असली तरी ही अट सुटत नाही.

टायरचे वय ओळखणे सोपे आहे. टायरच्या बाजूवर ‘डॉट’ या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते. तिच्या अखेरचे चार अंक पाहावेत. ते 2423 असतील तर टायर 2023 सालच्या चोविसाव्या आठवड्यात तयार झाला, असे समजावे. ही ओळ बाहेरच्या बाजूस पूर्ण दिसत नसेल तर आतील बाजू तपासावी. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी आणि सहा वर्षांनंतर टायर बदलण्याची तरतूद ठेवावी. स्टेपनीही या हिशोबातून सुटत नाही. न वापरलेली स्टेपनीही तितकीच जुनी असते.

आता खर्चाचा हिशोब मांडून पाहू. समजा, एक टायर 9,000 रुपयांचा असून तो 45,000 किलोमीटर चालू शकतो. खर्च किलोमीटरला 20 पैसे पडला. पण गाडी वर्षाला 5,000 किलोमीटरच फिरत असेल तर सहा वर्षांत 30,000 किलोमीटर होतील आणि खर्च 30 पैसे पडेल. चार टायरांचा फरक किलोमीटरला 40 पैसे, म्हणजे वर्षाला 2,000 रुपये. संपूर्ण कुटुंब ज्या चार चाकांवर बसते, त्यांच्या सुरक्षिततेची ही किंमत आहे. यातून दुसरी गोष्टही उघड होते. कमी फिरणाऱ्या गाडीसाठी ‘लाखभर किलोमीटर चालेल’ या आश्वासनापोटी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. त्याऐवजी ओल्या रस्त्यावरील पकड, भारक्षमता आणि ताजी निर्मिती पाहून टायर निवडावा.

भारक्षमतेकडे तर सर्वाधिक दुर्लक्ष होते. टायरवर ‘205/65 आर 16 95 एच’ असे लिहिलेले असेल तर त्यातील 95 हा भारांक होय. त्याचा अर्थ, योग्य हवा असताना एक टायर 690 किलो भार पेलू शकतो. भारांक 91 असेल तर ही मर्यादा 615 किलोवर येते. सात माणसे, त्यांचे सामान आणि टपावरील बॅगा धरून मागच्या आसावर 1,300 किलो भार आला, तर प्रत्येक टायरवर 650 किलो पडतात. येथे 91 भारांकाचा टायर अपुरा आहे, आणि 95 भारांकाकडेही फार मोठी शिल्लक उरत नाही. शेवटचे अक्षर वेगमर्यादेचे. ‘एच’ म्हणजे ताशी 210 किलोमीटर. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या भारांकापेक्षा कमी भारांकाचा टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

जून 2025 मध्ये 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाला. तेथे मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे. मे महिन्यात विदर्भात पारा चाळिशी ओलांडतो, रस्ता काँक्रीटचा आणि वेग तासन्‌तास एकसारखा असतो. अशा वेळी जुना, भाराने दबलेला किंवा हवा कमी असलेला टायर आतून तापत जातो आणि फुटतो. उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, हा प्रचलित सल्ला येथे घातक ठरतो. हवा कमी असली की टायर अधिक वाकतो व अधिक तापतो. निघण्यापूर्वी, टायर थंड असताना, चालकाच्या दारालगतच्या पट्टीवर पूर्ण भारासाठी दिलेल्या आकड्याइतकी हवा भरावी. वाटेत तापलेल्या टायरमधून हवा सोडू नये. नायट्रोजन भरला म्हणून ही तपासणी टळत नाही.

खरेदीच्या वेळी टायर बसवण्याआधीच त्याचे चार अंक वाचावेत, आयएसआय चिन्ह पाहावे आणि टायरचा क्रमांक लिहिलेले पक्के बिल घ्यावे. दोनच टायर बदलायचे असतील तर नवे टायर मागे बसवावेत. गाडी उभी असताना पंधरवड्यातून एकदा ती थोडी फिरवून आणावी आणि शक्यतो सावलीत ठेवावी. पाचही टायरांच्या निर्मितीचा आठवडा व वर्ष एका कागदावर लिहून तो गाडीच्या विम्याच्या कागदांसोबत ठेवला, तर पुढच्या प्रवासाआधी कोणता टायर बदलायचा, याचा निर्णय घरातील कोणालाही घेता येईल.