पदे हवीत, नाटक नको!

संगीत नाटक बोलपटाने मारिले, असा समज आपल्या सुशिक्षित वर्गात रूढ झाला आहे. तो आम्हांस मान्य नाही. मराठी बोलपट १९३२ साली अवतरला हे खरे; परंतु ‘मत्स्यगंधा’ (१९६४) व ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) ही नाटके त्यानंतरचीच, आणि जितेंद्र अभिषेकींच्या संगीताने ती गाजलीही. खरा घात केला आहे तो नाटकातून पद उपटून बैठकीत मांडण्याच्या हौसेने.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली याच पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणिले, तेव्हा पद हे संवादाचेच पुढचे पाऊल होते. ‘सौभद्रा’त रुसलेल्या रुक्मिणीची समजूत कृष्ण पदातूनच घालतो. बैठकीत रुक्मिणीच नसेल, तर हा गृहस्थ समजूत घालतो तरी कोणाची? ऑर्गनवाल्याची?

कोणी म्हणतील, निदान पदे तरी जगली! देठ खुडलेले फूलही दोन दिवस टवटवीत दिसते. गाता गाता बोलणारा नट, आणि संवादाची चाहूल लागताच हात आवरणारा तबलजी, हे रंगभूमीवरच घडतात, बैठकीत नव्हे. ही पिढी सरली की पदे उरतील, पण ती कोणी, कोणास व का म्हटली हे सांगणारा कोणी उरणार नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे : नाट्यगीतांच्या बैठकीस जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने वर्षातून एकदा तरी संपूर्ण नाटकाचे तिकीट काढावे. तेवढेही होत नसेल, तर बोलपटास शिव्या देणे तरी थांबवावे.