कमान आधी की पाणंद?



गेल्या आठवड्यात कामानिमित्त पुण्याला जाणे झाले. कचेरी उघडायला वेळ होता, म्हणून मंडईत चक्कर मारली. कडेला मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या मांडून एक बाई बसल्या होत्या. ओळखीच्या निघाल्या, त्यांच्या भागात मी काही वर्षे नोकरी केली आहे. भाव बरा होता, तरी त्या पडत्या दराने माल काढत होत्या.

"ताई, अजून नऊ नाही वाजले. दुपारपर्यंत बसलात तर चार पैसे जास्त सुटतील," मी म्हटले.

"सायेब, बसून कसं भागंल? घरी पोरगं हाय. त्याला उठवायचं, धुवायचं, भरवायचं मलाच. सासूबाई थकल्या आता."

मुलगा एकोणीस वर्षांचा. जन्मापासून हातपाय आखडलेले. एका शिबिरात त्याला चाकाची खुर्ची मिळाली. ती गोठ्यात पोत्याखाली पडून आहे. घरापासून डांबरी सडकेपर्यंतच्या पाणंदीत पावसाळ्यात गुडघाभर चिखल, उन्हाळ्यात दगडगोटे. "खुर्ची हाय, पण चालवू कुठं?" बाई म्हणाल्या. मग जुड्या बांधता बांधता सांगितले, "गावात यंदा कमान मात्र झकास झाली."

मंडळी, मंडईजवळ २०२४ पासून भुयारी मेट्रोचे स्थानक आहे. तिथे लिफ्ट आहे, चाकाची खुर्ची थेट फलाटापर्यंत जाते. शहरात ती जमिनीखाली जाते आणि आपल्या गावात जमिनीवर जात नाही, हे मनाला लागले.

ही मंडईची इमारत १८८६ साली उभी राहिली. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिला रे मार्केट म्हणत. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. या इमारतीवर एवढा पैसा घालण्याला त्यांचा विरोध होता. तो गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्चावा, असे त्यांचे म्हणणे. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचे ठरले, तेव्हाही त्यांनी विरोधच केला. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना याच मंडईला फुल्यांचे नाव मिळाले.

मंडई वाईट नव्हती. तिने कैक कुटुंबे पोसली. कमानही वाईट नाही. प्रश्न आधी काय, एवढाच आहे. घरात एकच पोते बी असेल, तर आपण आधी कुठले रान पेरायचे ते ठरवतोच ना? पंचायतीच्या पैशाचेही तसेच आहे.

आता कामाचे सांगतो.

एक, महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे आहेत. पूर्वी हे प्रमाण ३ टक्के होते. घरपट्टी वगैरे मिळून स्वउत्पन्न ४ लाख असेल, तर २० हजार रुपये होतात. त्यात रस्ता होत नाही, पण पंचायतीच्या किंवा शाळेच्या दारात उतार होतो. ग्रामसभेत उभे राहून विचारा: आपले ५ टक्के किती झाले आणि कशावर गेले?

दोन, पाणंदीचे काम गावाच्या विकास आराखड्यात नोंदवून घ्या. नुसते तोंडी बोलू नका; ठराव करा आणि तो इतिवृत्तात उतरला का, ते वाचून पाहा. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी, असा कायदाच आहे. तिथे हा विषय आधी मांडा.

तीन, अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र काढले नसेल तर काढा. त्यावाचून पुढचे दार उघडत नाही. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना दरमहा दीड हजारांऐवजी अडीच हजार देण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला आहे. तहसील कचेरीत चौकशी करा.

चार, सांभाळणाऱ्या माणसाचे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. मात्र सरकारच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत, असे त्याच कलमात म्हटले आहे. ही कुवत कमानीच्या वेळी आठवत नाही, भत्त्याच्या वेळी आठवते. म्हणून आमदार-खासदार गावात आले की हार घालण्याआधी हा प्रश्न घाला.

सरकारच्या आधी शेजारधर्म आहे. आठवड्यातून एक सकाळ कुणी त्या मुलापाशी बसले, तर ती माउली दुपारपर्यंत मंडईत थांबू शकेल. जुडीमागे तिचे जे पैसे बुडतात, ते कुठल्याही पीकखर्चाच्या हिशेबात धरलेले मी पाहिले नाहीत. मीही धरले नव्हते. तीस वर्षे गावोगाव हिंडलो, पीक विचारले, कीड विचारली. घरात अंथरुणावर कोण आहे, हे विचारले नाही. त्या ताईंच्या बांधावरही मी चार वेळा उभा राहिलो असेन.

आता विचारतो. तुम्हीही येत्या ग्रामसभेत विचारा.