तोळाभर गोळी आणि एक किल्ली

हा लेख वाचून आमच्या घरातले दोघे-तिघे रागावणार आहेत. रागावू देत.

तर झालं असं, की आम्ही दोघं लेकीकडे कोलोरॅडोत होतो. जावईबापूंना एल्कच्या शिकारीचा नाद. (एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ समजा.) त्यांनी गराजमध्ये रायफलीची काडतुसं घरी भरायचं सामान मांडलं. मी हादरलोच! आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय असलं काही केलं तर तुरुंग. तिकडे स्वतःपुरती भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही.

पण खरं सांगतो, दोन दिवस स्टुलावर बसून पाहिलं आणि माझ्यातला मास्तर खूश झाला. बार उडाला की पितळी पुंगळी फुगते, ती साच्यात दाबून पुन्हा मापात आणायची. वारंवार वापरून ती लांबते, म्हणून कॅलिपरने मोजून तासायची. दारू तोलायचा काटा तर इतका नाजूक, की पंखा बंद, दार बंद, आणि आधी ठरावीक वजनं ठेवून काट्याचीच परीक्षा! तोल ग्रेनच्या दशांशापर्यंत. एक ग्रेन म्हणजे साधारण अर्धी गुंज. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, आणि इंग्रजांनी ठरवलेला तोळा बरोबर १८० ग्रेनचा. जावयांच्या थर्टी-ऑट-सिक्स रायफलीची गोळीही १८० ग्रेनची. म्हणजे तोळाभर! हे सांगितल्यावर त्यांना कोण आनंद झाला.

तिसऱ्या दिवशी नातू (वय वर्षं नऊ) हळूच म्हणाला, "आजोबा, बंदुकीच्या कपाटाची किल्ली कुठे असते ते मला माहितीय." मसाल्याच्या डब्यामागे. खरंच तिथेच होती.

मी जावयांशी बोललो. ते म्हणाले, "बाबा, तो शहाणा मुलगा आहे. आणि मी किती काटेकोर आहे, तुम्ही बघताच आहात."

माझं भांडण आहे ते या वाक्याशी. काट्यावर घेतलेल्या काळजीचे मार्क किल्लीच्या पेपरात कसे मिळतील? दारू दशांश ग्रेन जास्त पडेल म्हणून श्वास रोखणारा माणूस किल्लीच्या बाबतीत 'चालतंय' म्हणतो! आणि शहाण्या मुलांचं मला सांगू नये. चौतीस वर्षं शिकवलंय. प्रयोगशाळेचं कपाट उघडणारी मुलं नेहमी शहाणीच असत, ढ मुलांना किल्ली सापडत नसे.

अमेरिकेत २०२० साली १ ते १९ वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक ठरलं, मोटारींचे अपघात मागे पडले. त्यात खून आले, आत्महत्या आल्या. सगळ्याच बंदुका घरच्या कपाटातल्या नव्हत्या, मान्य. पण मुलांच्या हाती लागणार नाही अशी बंदूक ठेवा, हा कायदा खुद्द कोलोरॅडोनेच २०२१ साली केला आहे. मी काही पुण्याहून सोवळं घेऊन गेलो नव्हतो.

आमचे भाऊ म्हणतात, जावयाला शिकवू नये. का? जावई दशमग्रह असेल, नातू तर आपलाच ना?

आकड्यांचं कुलूप त्या काट्यापेक्षा स्वस्त मिळतं. दर रविवारी फोनवर विचारतो, आणलं का? लेक म्हणते, "बाबा, तो विषय नको." येत्या रविवारीही विचारणार आहे.