युद्धाच्या वर्षात निष्ठेचा दाखला कोणाकोणाकडे मागितला?

२०२५ च्या मे महिन्यात चार दिवस देश प्रत्यक्ष लढाईत होता. त्याआधी २२ एप्रिलला पहलगाममध्ये अतिरेक्यांनी २६ निरपराध माणसं मारली. त्यांत डोंबिवली, पुणे आणि पनवेल मिळून सहा जण आपल्या महाराष्ट्राचे. मरणाऱ्यांत सय्यद आदिल हुसैन शाह हा घोडेवालाही होता. पुढच्या जुम्म्याला कितीतरी मस्जिदींत लोकांनी दंडाला काळ्या फिती बांधून नमाज पढली. मग ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर आणि १० मेच्या संध्याकाळी शस्त्रसंधी.

वालावलमधून पाहिलं तर काश्मीरची सीमा फार लांब. पण ७ मेच्या नागरी संरक्षण सरावाच्या यादीत सिंधुदुर्गही होता. वालावलवरून वाहणारी कर्ली पुढे ज्या किनाऱ्याला समुद्रात मिळते, तिथेच तारकर्लीला २०२३ चा नौदल दिन झाला. इथल्या माणसाला युद्ध म्हणजे नुसती टीव्हीवरची बातमी वाटत नाही.

दिल्लीने त्या दिवसांत एकजुटीचं चित्र उभं केलं, आणि ते खोटं नव्हतं. पत्रकार परिषदेत कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग शेजारी बसल्या. परदेशी गेलेल्या सर्वपक्षीय शिष्टमंडळांत असदुद्दीन ओवैसी होते, सलमान खुर्शीद होते. जम्मूच्या सीमेवर सीमा सुरक्षा दलाचे मोहम्मद इम्तियाज शहीद झाले. घाटकोपरला वाढलेला अग्निवीर मुरली नाईकही याच लढाईत गेला.

त्याच आठवड्यात मध्य प्रदेशचे मंत्री विजय शाह सोफिया कुरेशींबद्दल जे बोलले, त्यावर उच्च न्यायालयाला स्वतःहून गुन्हा नोंदवायला सांगावं लागलं. मंत्रिपद मात्र त्या वर्षात गेलं नाही. उलट पुण्यात शिकणारी एक काश्मिरी मुलगी. दोन तासांत पोस्ट काढली, माफी मागितली, तरी अटक झाली, कॉलेजने काढून टाकलं. मुंबई उच्च न्यायालयाने २७ मे रोजी सरकारला सुनावून तिला सोडलं म्हणून ती परीक्षेला बसू शकली. मंत्र्याला एक माप आणि विद्यार्थिनीला दुसरं, एवढं तर कोणालाही दिसतं.

आपल्या जिल्ह्याने हे युद्धाआधीच पाहिलं. २३ फेब्रुवारीला दुबईत भारत-पाकिस्तान सामना झाला. मालवणात एका अल्पवयीन मुलाने देशविरोधी घोषणा दिल्याचा आरोप झाला आणि दुसऱ्याच दिवशी त्या कुटुंबाचं भंगाराचं दुकान पाडलं गेलं. बांधकाम अनधिकृत होतं, हे कारण. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयाने अवमान याचिकेवर नोटीस काढली. मुलगा खरंच काय बोलला ते कोर्ट ठरवेल. पण आरोपाची शिक्षा दुकानाला, तीही एका रात्रीत, हा कुठला कायदा?

अशा वेळी आपल्याकडे लगेच याद्या फिरतात: ब्रिगेडियर उस्मान, अब्दुल हमीद, आता सोफिया कुरेशी. या माणसांचा अभिमान आहेच. पण दर वेळी त्यांची नावं उत्तर म्हणून पुढे करणं आम्हाला पटत नाही. उत्तर दिलं की प्रश्न रास्त होता असंच ठरतं. वालावलचा शेतकरी किंवा देवबागचा मच्छीमार आपली देशभक्ती सिद्ध करायला परमवीर चक्र दाखवत नाही. आपणच का दाखवायचं?

पहलगामला बंदोबस्त का नव्हता, हे विरोधकांनी जुलैअखेर लोकसभेत विचारलं. तोच प्रश्न आपल्या मुलाने मोबाईलवर लिहिला की घरचे घाबरून पुसायला लावतात. ही भीती समजते. तरी शिवी आणि प्रश्न यांतला फरक मुलांना शिकवा, प्रश्न पुसायला शिकवू नका.

सप्टेंबरात सरकारच्याच संमतीने दुबईत दोन्ही देश पुन्हा खेळले, तेही तीन वेळा. सामने पुढेही होतील. तेव्हा दुकानाची भाडेपावती, परवाना, घरपट्टी एका फाईलमध्ये ठेवा. १३ नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे पाडकामाआधी १५ दिवसांची लेखी नोटीस आणि सुनावणी लागते. रस्ता, फूटपाथ, रेल्वेमार्ग, नदी-तलाव यांवरच्या अतिक्रमणाला हे संरक्षण नाही, तेव्हा आपलं बांधकाम नेमकं कुठे येतं ते आत्ताच वकिलाला विचारून घ्या.